गॅरेजच्या सावलीतला बर्फ

जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात आमच्या मागच्या अंगणात बर्फ वितळून कडेचं गवत उघडं पडलं, तेव्हा मी खिडकीतून आभाळाला अशी शिवी हासडली की मागून अँब्रोजने चमच्याने टेबल वाजवून मला गप्प केलं.

अँब्रोज माझा थोरला भाऊ. वय एकाहत्तर. कंपवाताने त्याचा आवाज इतका बारीक करून टाकलाय की शेजारी बसलेल्यालाही कान पुढे करावा लागतो, म्हणून तो चमचा वाजवतो. एकदा वाजवला तर ‘पुरे’. दोनदा वाजवला तर ‘अजून’. आणि थांबायचं नावच घेतलं नाही तर ‘व्हर्ना, तुला अक्कल आहे का?’ हा तिसरा प्रकार मी सगळ्यात जास्त ऐकलेला आहे. मी सहासष्टची आहे, तीस वर्षं शाळेची बस चालवली, चाळीस पोरांना एका आरोळीत खाली बसवलं, आणि घरात मात्र एका चमच्याचं ऐकून घेते.

हा माणूस एकतीस वर्षं गावच्या बर्फावरच्या हॉकीच्या मैदानात बर्फ घालायचा. मडावास्का नदीच्या दोन्ही काठांवर त्याच्या बर्फाचं नाव होतं. दोन वर्षांपूर्वी मैदानाचं छप्पर खचलं, दाराला कुलूप लागलं, आणि जवळचं दुसरं मैदान चाळीस किलोमीटर लांब. तिथे मी त्याला एकदा घेऊन गेले. तिथल्या एका मिसरूड फुटलेल्या शहाण्याने त्याच्या हातात लहान मुलं स्केटिंग शिकताना ढकलतात ती लाल खुर्ची दिली. अँब्रोजच्या हातात! घरी येऊन त्याने आपल्या पात्याच्या स्केट्स कपाटात कोंबल्या. तिसऱ्या दिवशी मी मागच्या अंगणात फळ्या ठोकल्या, प्लास्टिक अंथरलं आणि पाण्याची नळी सोडली. साठ फूट लांब, तीस फूट रुंद. ते आमचं रिंक, बर्फाचं घरचं मैदान.

आता मुद्द्याचं सांगते. जमिनीवर अँब्रोजला चालता येत नाही. म्हणजे पाय शाबूत आहेत, ताकदही आहे, पण दाराशी आला की खिळा ठोकल्यासारखा उभा राहतो. पाच मिनिटं, दहा मिनिटं. स्वतःच स्वतःच्या पायांकडे बघत. स्वयंपाकघरात मी फरशीवर लाल चिकटपट्ट्या लावल्या आहेत, कारण ओलांडायला काही असलं की त्याचा पाय उचलतो. अशा पट्ट्यांवरून तो टेबलापासून खिडकीपर्यंत जातो, आणि तेवढ्यात माझी कॉफी निवते. पण त्याच माणसाला स्केट्स बांधून बर्फावर उभा करा. तो चालू लागतो. चालू लागतो काय, पळतो! वळतो, उलटा जातो, एका पायावर थांबतो. डॉक्टरीणबाईंना विचारलं तर म्हणाल्या, होतं असं काहीजणांचं, डोक्यातली चालण्याची वाट बंद पडते आणि दुसरी एखादी उघडी राहते. मला डोक्यातल्या वाटांचं काही कळत नाही. मला एवढंच कळतं की रोज दुपारी अर्धा तास माझा भाऊ मला परत मिळतो.

त्या सोमवारी त्याच्या मुलीचा, अडेलचा, ओटावाहून फोन आला.

“आत्या, खोली मिळालीय. चांगली जागा आहे, चोवीस तास नर्स. एक फेब्रुवारीपासून. येत्या सोमवारपर्यंत हो म्हणायचंय.”

“नाही म्हण.”

“बाबा महिन्याभरात दोनदा पडलाय.”

“स्वयंपाकघरात पडला. बर्फावर एकदाही नाही.”

“बर्फावर!” ती हसली, पण त्यात हसू नव्हतं. “ज्याला संडासापर्यंत जाता येत नाही त्याला तू बर्फावर सोडतेस, हे मी कुणाला सांगूसुद्धा शकत नाही.”

“व्हिडिओ पाठवला होता ना?”

“नाताळाच्या आधीचा. पडायला लागला तो नंतर. आत्या, खरं सांग, तो पडला की तुला उचलता येतो का?”

दुसऱ्यांदा पडला तेव्हा मी शेजारच्या मर्विनला हाक मारली होती. हे ती जाणून होती की नाही कुणास ठाऊक. माझा उजवा खांदा गेलाय. मी फोन डाव्या हातात घेतला.

“बरं,” ती म्हणाली. तिचा सूर उतरला. “शनिवारी येते, अकराला. माझ्या डोळ्यांदेखत तो चालू दे. तू म्हणतेस तसा चालला तर मी खोली सोडते. नाही चालला तर रविवारी माझ्याबरोबर येईल, एक तारखेपर्यंत माझ्याकडे राहील, आणि तू आरडाओरडा करायचा नाहीस.”

“आरडाओरडा मी करणारच,” मी म्हटलं. “पण ये.”

फोन ठेवला आणि रेडिओ लावला. मंगळवारपासून रविवारपर्यंत ऊब. अधिक चार अंश, अधिक पाच, शनिवारी अधिक सात आणि दुपारी पाऊस. मधे फक्त गुरुवारची रात्र उणे सहा. मी रेडिओ बंद केला, जणू त्यानेच हे सगळं घडवून आणलं होतं.

मंगळवारी रिंकवर बोटभर पाणी साचलं. बुधवारी चार बोटं. कुंपणापलीकडून मर्विन डोकावला. मर्विन आमचा शेजारी, बायको गेल्यापासून एकटा, आणि दुसऱ्याच्या फजितीवर जगणारा. बारा वर्षांपूर्वी त्याने आमच्या हद्दीला खेटून दक्षिणेच्या अंगाला गॅरेज बांधलं आणि माझ्या टोमॅटोंवरचं ऊन गेलं, ते कायमचं. तेव्हापासून आम्ही रोज बोलतो आणि रोज भांडतो.

“व्हर्ना, बदकं पाळ आता,” तो म्हणाला. “आयतं तळं झालंय.”

“पाळते. पहिलं तुझंच नाव ठेवते.”

“शनिवारी येतेय ना पोरगी? होडी काढून आण, वल्ही मी देतो.”

मी बादली घेऊन पाणी उपसायला निघाले, तर खिडकीवर चमचा. न थांबता. आत आले. अँब्रोजने मला वाकायला लावलं आणि कानात सांगितलं, “हात लावू नकोस. वर पाणी असलं की खालचा बर्फ वाचतो. गुरुवारी गोठेल, आपोआप सपाट होईल. मग वर पातळ हात द्यायचे. तीन. एक सुकला की दुसरा.”

पाण्याचा हात. भिंतीला चुन्याचा देतात तसा. नळी फिरवत फिरवत पावलीच्या जाडीचं पाणी पसरायचं, ते घट्ट झालं की पुन्हा. त्याने आयुष्यभर हेच केलं. घाई नावाची गोष्ट त्याच्या बर्फात कधी नव्हती, आणि माझ्यात मात्र जन्मापासून दुसरं काही नाही.

गुरुवारी संध्याकाळी खरंच गारठलं. साचलेल्या पाण्यावर साय धरली. तो झोपायला गेला आणि मी पहिला हात दिला. दोन तास थांबायचं होतं. खांदा ठणकत होता, नळी कडक झाली होती, हातमोजे ओले. मी मनात म्हटलं, तीनदा उठून देण्यापेक्षा एकदाच चांगलं भरघोस देऊ, पाणी ते पाणी, गोठायचं ते गोठणारच. नळ पूर्ण सोडला आणि आत येऊन बटाटा भरून उकडलेल्या गरम पिएरोगी खाल्ल्या, वर तळलेला कांदा घालून, स्वतःवर खूष होऊन.

शुक्रवारी सकाळी अंगण बघून माझा ऊर भरून आला. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पांढरंशुभ्र, चकचकीत. अँब्रोजला मी खिडकीशी बसवलं आणि फावडं घेऊन बाहेर पडले. लगेच चमचा सुरू. ठणठण, ठणठण, काच फुटेल असा.

“कळलं, कळलं!” मी मागे न बघता ओरडले. “सुंदर झालंय! दुसऱ्यांनाही बर्फ घालता येतो!”

आठ पावलं गेले आणि पाय आत गेला. घोट्यापर्यंत. करकर आवाज झाला आणि पापड मोडावा तसा माझ्याभोवतीचा सगळा पापुद्रा खाली बसला. मी बसकण मारली. खाली पाणी नव्हतंच. रात्री वरचा थर आधी गोठला आणि खालचं पाणी कडेच्या चिरांतून निसटून गेलं. उरलं ते पोकळ छप्पर. पांढरा दिसतो तो पोकळ, काळसर दिसतो तो भरीव. हे मला तो दोन वर्षं शिकवतोय. तो खिडकीतून रंग बघून ओरडत होता, आणि मी ते कौतुक समजले.

तशीच ओली आत आले. त्याच्यासमोर बसले.

“किती पाणी सोडलंस?” त्याने विचारलं.

“तू सांगितलंस तेवढं.”

चमचा. एकदाच.

“बरं. दोन इंच. एकदम. तू झोपला होतास.” आणि मग मला रडू फुटलं. मला रडण्याचा भयंकर राग येतो, त्यामुळे मी रडताना टेबलावर मुठी आपटत होते. “उद्या ती येणार आहे, आणि मी माझ्या हाताने वाटोळं केलं. हवा राहिली बाजूला. मीच.”

अँब्रोजचा चेहरा आता फारसा हलत नाही, त्यामुळे तो हसतोय हे खांद्यांवरून ओळखावं लागतं. खांदे हलत होते.

“मीही केलं होतं,” तो म्हणाला. “एकोणऐंशी साली. अंतिम सामन्याच्या आदल्या दिवशी.”

“तू?”

“मीच. सगळ्यांना सांगितलं, उंदरांनी नळी कुरतडली.”

“पंचेचाळीस वर्षं आख्खं गाव ती उंदरांची गोष्ट सांगतंय!”

“चांगले उंदीर होते,” अँब्रोज म्हणाला.

मी डोळे पुसले. त्याने खिडकीबाहेर बोट दाखवलं. बोट थरथरत होतं, पण कुठे ते कळलं. मर्विनच्या गॅरेजच्या पायथ्याशी, आमच्या रिंकची दक्षिणेची कड. हिवाळाभर तिथे ऊन पोचत नाही. तिथला पट्टा पांढरा नव्हता, काळसर होता. माझी नळी तेवढ्या कोपऱ्यापर्यंत नीट पोचत नाही, म्हणून रात्री तिथे पाणी जेमतेमच पडलं होतं. मी जाऊन फावड्याच्या दांड्याने ठोकून बघितलं. ठक्क. दगड! तीस फूट लांब, जेमतेम नऊ फूट रुंद.

“तेवढा वाचव,” तो म्हणाला. “बाकीचा सोड.”

“तेवढ्यात तू वळणार कसा?”

त्याने चमचा एकदाच वाजवला. मला जरा लाजच वाटली विचारल्याची.

आता त्या पट्ट्यावर हिमाची गोधडी घालायला हवी होती, हातभर जाड, म्हणजे उद्या सकाळपर्यंत ऊब आत शिरणार नाही. आणि आमच्या अंगणात हिम उरलं होतं मूठभर. मर्विनच्या घराच्या उत्तरेला मात्र त्याने हिवाळाभर यंत्राने उडवलेल्या हिमाचा डोंगर होता, माझ्याहून उंच. मी कुंपणाशी उभी राहिले. बारा वर्षं ज्या गॅरेजला मी शिव्या घातल्या त्याच्याच सावलीत उभं राहून त्याच्या मालकाकडे हिम मागायचं होतं. देवाला विनोद कळतो, एवढं नक्की.

“मर्विन! तुझं हिम हवंय मला.”

“कशाला? लोणचं घालतेस?”

मी सगळं सांगितलं. पोकळ बर्फाचंही सांगितलं, उंदरांचं मात्र नाही. तो ऐकत असताना त्याच्या तोंडावरची मजा हळूहळू गेली.

“म्हणजे गॅरेज चांगलं आहे म्हण,” तो म्हणाला.

“गॅरेज घाणेरडं आहे. त्याची सावली चांगली आहे.”

“चालेल,” म्हणाला आणि घसरगाडी काढायला गेला.

दुपारभर आम्ही दोघं म्हातारे ओझ्याच्या बैलासारखे ती घसरगाडी ओढत होतो. मर्विन भरायचा, मी ओढायचे, दोघं मिळून ओतायचो, आणि खिडकीतून अँब्रोज चमच्याने सांगायचा, इथे पुरे, तिथे अजून. बेचाळीस फेऱ्या झाल्या. हिम दाबून बसवल्यावर मी घरातल्या सगळ्या पांढऱ्या चादरी आणून वर अंथरल्या, कारण पांढऱ्याला ऊब कमी लागते. चादरी पुरेनात तेव्हा आईचा लग्नातला लेसचा टेबलक्लॉथ आणला. तो आम्ही फक्त ईस्टरला काढतो. मर्विनने टोपी काढली आणि डोकं खाजवलं.

“कुणी मेलंय असं दिसतंय,” तो म्हणाला.

“अजून कुणी मेलेलं नाही. हाच तर मुद्दा आहे.”

शनिवारी पहाटे उठून बघितलं तर धुकं. ओल्या जमिनीतून वाफ निघत होती, ओहोळ वाहत होते, कावळे एप्रिल आल्यासारखे ओरडत होते. रिंकचा मोठा भाग म्हणजे निळ्या प्लास्टिकवर तरंगणारे तुकडे. मी देवाला काही मागितलं नाही. मी त्याला सरळ सांगितलं, आज मधे पडू नकोस.

अडेल दहालाच आली. तिला वेळेआधी येण्याची वाईट खोड आहे. शहरी पातळ बूट, काखेत त्या खोलीच्या कागदांची फाइल. स्वयंपाकघरात येऊन तिने बापाच्या कपाळावर ओठ टेकले आणि मग खिडकीबाहेर बघितलं.

“आत्या,” ती म्हणाली, “हे तळं आहे.”

“कॉफी घे.”

“आणि त्या चादरी कसल्या आहेत? तो... तो आजीचा टेबलक्लॉथ आहे?”

“कॉफी घे म्हटलं ना.”

ती खाली बसली. तिचे डोळे सुजलेले होते. मला तिचा राग आला होता, पण ती रात्रभर झोपली नव्हती हेही दिसत होतं. तिने फाइल उघडली नाही. तिने फक्त बापाला टेबलापासून दारापर्यंत येताना बघितलं. लाल पट्टी, पाऊल. लाल पट्टी, पाऊल. उंबऱ्याशी पट्टी संपली आणि तो थांबला. एक मिनिट. दोन मिनिटं. तिसऱ्या मिनिटाला अडेल उठून त्याचा दंड धरायला आली.

“हात लावू नकोस,” मी म्हटलं.

“आत्या, तो हलत नाहीये!”

“बघतेय मी.”

मी माझं पाऊल त्याच्या पायासमोर आडवं ठेवलं. त्याने ते ओलांडलं आणि बाहेर आला. अडेलने तोंड फिरवलं. तिने मनातल्या मनात निकाल देऊन टाकला, हे मला तिच्या पाठीवरून कळलं.

मर्विनने आणि मी चादरी काढल्या. हिम बाजूला ओढलं. हातभर होतं ते वीतभर उरलं होतं, खालून भिजून जड झालेलं. शेवटचा थर मी हळूहळू खरवडला. मग फावडं घासलं, तो आवाज मी ओळखते. घट्ट, कोरडा. काळा बर्फ. रबरी वायपरने वरचं पाणी सारलं. आदल्या दिवशीच्या तीस फुटांतले पंचवीस उरले होते, नऊतले सात. कडा झिरपत होत्या. पण मधे आभाळ दिसावं इतका नितळ.

अँब्रोजला आम्ही कडेच्या खुर्चीत बसवलं. मी गुडघे टेकून त्याच्या स्केट्सच्या नाड्या आवळल्या. घोट्याला दोन वेढे, तो म्हणतो तसे. डोक्याला शिरस्त्राण. मर्विनने एका बाजूने धरलं, मी दुसऱ्या, आणि त्याला बर्फावर उभा करून आम्ही हात सोडले.

तो उभा राहिला. नुसता उभा राहिला.

डोळे स्वतःच्या पायांवर. उंबऱ्याशी उभा राहतो अगदी तसा. बर्फावर असं कधी झालं नव्हतं, कधीच नाही. पट्टा फार छोटा होता का? की अडेलचे डोळे पाठीत रुतत होते?

“पुरे,” अडेल म्हणाली. “आत्या, पुरे कर ना. का त्याचे असे हाल करतेस?” आणि ती त्याला आणायला सरळ बर्फावर निघाली, त्या पातळ बुटांनी.

ओल्या बर्फावर बूट म्हणजे काय हे आमच्या इथलं शेंबडं पोरही सांगेल. दुसऱ्याच पावलाला तिचे दोन्ही पाय पुढे गेले, हात हवेत गेले, डोकं मागे. मी किंचाळले. मर्विन किंचाळला.

आणि अँब्रोज निघाला.

कसा निघाला ते मला दिसलंच नाही. एक ढकल, दुसरी ढकल, वळसा, आणि ती जमिनीला लागायच्या आत त्याने मागून तिच्या काखेत हात घातले होते. तिचं सगळं वजन त्याच्या अंगावर आलं. तो डगमगला नाही. गुडघे वाकवून त्याने ते वजन पेललं आणि तिला घेऊन तसाच मागे मागे सरकत गेला, पट्ट्याच्या टोकापर्यंत. तिथे स्केट आडवी करून थांबला. बर्फाचा चुरा उडून गॅरेजच्या भिंतीवर आदळला.

अडेलने मान वर करून बघितलं. तिला बापाचा चेहरा उलटा दिसत असणार.

“गुडघे वाकव,” अँब्रोज म्हणाला. मला कुंपणाशी ऐकू आलं. वर्षभरात पहिल्यांदा त्याचं बोलणं मला दहा पावलांवरून ऐकू आलं. “खाली बघू नकोस. समोर बघ.”

त्याने तिला उभं केलं, पुढे येऊन तिचे कोपर धरले, आणि तो उलटा चालू लागला. ती बुटांवर घसरत त्याच्यामागे. सात फुटांत वळायचं होतं. तो तिच्यासकट वळला. मी त्याला आदल्या दिवशी विचारलं होतं ते आठवून मला माझ्याच थोबाडीत मारावीशी वाटली. दुसरी फेरी. तिसरी. अडेल रडत होती, हसत होती, दोन्ही एकदम, नाक पुसायला हात मोकळा नव्हता. चार वर्षांची असताना तो तिला असाच मैदानात फिरवायचा, सगळे घरी गेल्यावर, दिवे घालवायच्या आधी. मी बघितलेलं आहे.

चौथ्या फेरीला कडेचा एक तुकडा तुटून पाण्यात गेला. पट्टा आता सहा फूट. पावसाचे थेंबही सुरू झाले.

“बाबा, सोडू नकोस हां,” ती म्हणाली. तिचा पाय पुन्हा सटकला होता.

“मग तूही मला पाठवू नकोस,” तो म्हणाला.

ती थांबली. म्हणजे तो थांबला, म्हणून ती थांबली. पाऊस त्यांच्या डोक्यावर पडत होता. तिने माझ्याकडे बघितलं, त्या तळ्याकडे बघितलं, भिंतीशी कोंबलेल्या ओल्या चादरींकडे बघितलं.

“आणि हा बर्फ गेल्यावर?” ती म्हणाली. “उद्या? मार्चमध्ये? दरवर्षी हिवाळा आखडतोय, बाबा. पुढच्या वर्षी काय करशील?”

“हिवाळा एका वेळी एकच येतो,” अँब्रोज म्हणाला.

“आणि घरात पडलास तर?”

“तर पडेन,” तो म्हणाला. “माझ्या घरात.”

मला मधे तोंड घालायचं होतं. माझ्याकडे आठवडाभर घोकलेलं भाषण होतं, चांगलं होतं, शिव्याही होत्या त्यात. मी आयुष्यात पहिल्यांदा गप्प बसले. मर्विनने आश्चर्याने माझ्याकडे बघितलंसुद्धा.

अडेलने नाक खांद्याला पुसलं. “मग मीच पंधरा दिवसांनी येत जाईन,” ती शेवटी म्हणाली. “दर पंधरा दिवसांनी. आणि आत्याचा खांदा डॉक्टरांना दाखवायचा. आणि संडासात धरायला दांडे बसवायचे. ऐकतोयस का?”

“ऐकतोय.”

“सोमवारी नाही म्हणून कळवते त्यांना.”

अँब्रोजने मान हलवली, मोठी मेहेरबानी केल्यासारखी. मग त्याने बर्फाकडे बघितलं, उरलेल्या पट्ट्याचा अंदाज घेतला, आणि तिचे कोपर पुन्हा घट्ट धरले. पाऊस आता चांगलाच लागला होता. मर्विन म्हणाला, आत चला, भिजताय. कुणी ऐकलं नाही. मी कुंपणाला टेकून उभी राहिले आणि त्या दोघांना बघत भिजत राहिले, पट्टा पाच फूट होईपर्यंत, मग चार.